मार न खाल्लेली प्लेट

व्यंकटरावांनी प्लेट जीपमधून उतरवली नाही, पायानं ढकलून दिली. फाउंड्रीच्या आवारात ती पालथी पडली आणि लाल धूळ उडाली. मी लॅबच्या दारात कप विसळत उभी होते.

"सहा महिने चालंल म्हणला होता," ते शेठना म्हणाले. "बावीस दिवसांत संपली. दात बघा हिचे."

दात नव्हतेच. खडी फोडायच्या क्रशरला दोन जबडे असतात, एक जागेवर थांबलेला, दुसरा हलणारा. मधे दगड सापडला की त्याची खडी होते. दोन्ही जबड्यांवर दातेरी जाड प्लेट बसवतात, तिलाच जॉ प्लेट म्हणायचं. व्यंकटरावांची प्लेट बोटांनी दाबलेल्या भाकरीसारखी सपाट झाली होती.

मग त्यांनी खिशातून रेडिओच्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि प्लेटवर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. "चिकटत न्हाई. हे लोखंडच न्हाई." मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं. मँगनीज स्टीलला चुंबक चिकटत नाही, तसंच असतं ते. पण चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर हसायचं नसतं, हे मला तेव्हा कुठं कळत होतं?

भूकंपाला पावणेदोन वर्षं झाली होती. किल्लारीच्या भागात नवी गावं उभी राहत होती आणि खडी मागेल तितकी कमीच पडायची. व्यंकटराव तिथले शेतकरी. घरच्या खडकाळ माळावर त्यांनी जुना क्रशर आणून बसवला होता. त्यांची खडी जायची ती त्यांच्याच गावाच्या नव्या घरांना. त्यामुळं क्रशर बंद म्हणजे नुसता धंदा बंद नव्हता. पत्र्याच्या शेडमधे राहणारी भावकी रोज येऊन विचारायची, कधी सुरू होतंय म्हणून.

आमची फाउंड्री नांदेडच्या एमआयडीसीत. मी मेटलर्जी शिकून नुकतीच लागलेली. अख्ख्या शॉपमधे बाई मी एकटीच, म्हणून सगळे मॅडम म्हणायचे. फक्त गफूरचाचा बेटी म्हणायचे.

गफूरचाचा हीट ट्रीटमेंट बघायचे. साधं पोलाद लालबुंद करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, हे कुठलाही लोहार सांगेल. मँगनीज स्टीलचं उलटं. ओतल्यावर ते ठिसूळ असतं, कारण आतल्या दाण्यांच्या कडेकडेनं कार्बाइडची साय धरलेली असते. ते पिवळंधमक होईपर्यंत तापवायचं म्हणजे ती साय विरघळते, आणि लगेच पाण्यात टाकायचं, त्यालाच क्वेंचिंग म्हणतात, म्हणजे ती परत धरायला वेळच मिळत नाही. असं केलं की ते मऊ आणि चिवट होतं. भट्टीच्या दारापासून हौदापर्यंत जो वेळ जातो, त्यावर सगळा खेळ. चाचा रंग डोळ्यांनी ओळखायचे आणि क्रेनवाल्यावर असे ओरडायचे की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायचा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. फक्त अलीकडं त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला होता.

शेठनी मला केबिनमधे बोलावलं. व्यंकटराव समोरच बसलेले. शेठ म्हणाले, मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं, आत्ता सांगा, आणि कागदावर द्या. मी कानस मारून बघितली होती, प्लेट मऊ लागत होती. घाईत साध्या पोलादाचाच हिशोब लावून मी लिहिलं, कारण: क्वेंचिंग अपुरं झाल्याची शक्यता.

शेठनी 'शक्यता' वाचलंच नाही. त्यांना चाचांचा डोळा आठवला. त्याच दुपारी त्यांनी चाचांना सांगितलं की आता घरी आराम करा, हिशोब नंतर बघू.  भट्टीपाशी खुंटीला त्यांचा कोट असायचा, तो घेतला, सायकल काढली आणि गेले. जाताना लॅबच्या खिडकीतून माझ्याकडं बघून मान हलवली, रोज हलवायचे तशीच. कुणाच्या कागदावरून हे झालं ते त्यांना माहीत नसावं, असं मी स्वतःला सांगितलं.

खरं काय ते संध्याकाळी घरी ताटावर बसले आणि एकदम लख्ख दिसलं. क्वेंचिंग अपुरं असतं तर कार्बाइडची साय राहिली असती. साय राहिली असती तर प्लेट तुटली असती. झिजली नसती! ती तर एका तुकड्यात परत आली होती. हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी पैकीच्या पैकी मार्क घेतले असते. शेठसमोर मात्र माझी अक्कल पेंड खायला गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हातानं लिहून दिली होती. 

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं की माझं चुकलं. ते म्हणाले, काल एक आज एक, उद्या तिसरं सांगाल, पुरावा आणा.

पुरावा म्हणजे प्लेटचा तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली बघणं. तुकडा कापायला फिटरनं हॅकसॉ लावला. तीन ब्लेडं गेली. करवत जितकी घासावी तितकी ती जागा टणक होत गेली. फिटर म्हणाला, मॅडम, हे मऊ हाय म्हणून परत आलंय ना? त्याच क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण पूर्ण उलगडलं नाही. शेवटी पाणी सोडत ग्राइंडिंगच्या चाकानं तुकडा काढला. हलक्या हातानं पॉलिश केला, कारण जोर दिला तर पॉलिशच्याच खुणा उमटतात आणि माणूस फसतो. मग डबीत घालून इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. तिथल्या लॅबमधे एकच चांगला मायक्रोस्कोप होता. लॅब असिस्टंटला चहा पाजला, दाणे दिसावेत म्हणून तुकडा ॲसिडमधे बुडवून घेतला आणि बसले.

दाणे दिसले. स्वच्छ, कडा कशा धुतल्यासारख्या. कार्बाइडचा कण नाही. चाचांचं क्वेंचिंग पुस्तकात छापावं असं होतं. मला तिथंच रडू आलं. असिस्टंटला वाटलं ॲसिडचा वास नाकात गेला, त्यानं खिडकी उघडली.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. दाण्यांच्या आत काहीच नव्हतं.

हे जरा समजावून सांगते. धातूच्या आत अणूंचे थर असतात. मार बसला की थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून धातू वाकतो, दबतो, झिजतो. मँगनीज स्टीलमधे मार बसला की आणखी एक होतं. दाण्याच्या आत बारीक पट्ट्या तयार होतात आणि त्या पट्टीतली अणूंची मांडणी शेजारच्या मांडणीची आरशातली प्रतिमा असते. त्यांना ट्विन म्हणतात, म्हणजे जुळे. आता पुढचा थर घसरत आला की तो या पट्टीला अडतो. जितका मार, तितक्या पट्ट्या, तितकी अडवणूक. उताराच्या रानात एक बांध घातला तर थोडं पाणी अडतं, दर दहा पावलांवर घातला तर थेंब पुढं जात नाही, तसं. पोटात चिवट आणि अंगावर टणक, अशी प्लेट चालता चालता आपोआप घडते. तिला टणक आम्ही करत नाही, दगड करतो. कार्बनचाही त्यात हात असतो, पण ते राहू द्या.

बावीस दिवस क्रशरमधे राहिलेल्या प्लेटमधे या पट्ट्यांच्या रेघा खचाखच हव्या होत्या. माझ्या तुकड्यात चार-दोन दिसल्या, त्याही अगदी कडेला. म्हणजे प्लेट झिजली होती, पण तिला मार बसलाच नव्हता. दगड फोडणाऱ्या मशीनमधे बसून मार खाल्ला नाही, हे कसं शक्य होतं?

शेठना मी मायक्रोस्कोपमधून काढलेले फोटो दाखवले. त्यांनी ते उलटे धरले. शेवटी म्हणाले, "एक नवा सेट देतो. चाचानंच काढलेला आहे, शेवटचा. तुम्ही स्वतः जाऊन बसवा. हा चालला तर म्हातारा परत. तुटला किंवा झिजला, तर तो कायमचा घरी आणि तुम्हीबी तुमचं बघा."

प्लेटी टेम्पोनं गेल्या, मी एसटीनं. लोहा, अहमदपूर, लातूर, आणि तिथून जीप. लातुरात स्टँडवरच्या भिंती तेव्हाही क्लासच्या जाहिरातींनी रंगायला लागल्या होत्या, गुणवंतांचे फोटो, खाली टक्के. ट्रंका घेऊन आलेली पोरं खोल्या शोधत फिरत होती. जीप पुढं निघाली तशी पडक्या घरांच्या दगडांचे ढीग दिसायला लागले, आणि त्यांच्या पलीकडं चुन्याच्या फक्कीनं आखलेली नवी गावं.

व्यंकटरावांनी माझं स्वागत फार काही प्रेमानं केलं नाही. पण त्यांच्या घरच्यांनी शेडमधे बसवून गरम भाकरी आणि ठेचा दिला. आम्ही प्लेटी बसवल्या. व्यंकटरावांनी नारळ फोडला, कुंकू लावलं. मग खाणीवरच्या माणसांना हाक दिली की वरचा माल आणा.

वरचा माल म्हणजे माळाच्या वरच्या थरातला मुरमाड, पिचका दगड. हातानं दाबला तरी भुगा होणारा. खाली काळा खणखणीत पाषाण होता, तो त्यांनी बाजूला ठेवला होता.

मी विचारलं, हा कशाला?

"पहिले आठ-पंधरा दिवस हलकंच घालतो आम्ही," व्यंकटराव म्हणाले. "नव्या गोऱ्ह्याला कुणी नांगराला जुंपतं का? आधी वखराला, मग नांगराला. अंगात काम मुरू द्यावं लागतं."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी दात लवकर झिजाय लागले. म्हणून काळा दगड घातलाच न्हाई. म्हणलं बिचारीला झेपंना."

 अरे देवा! मऊ दगड आणि मुरमाची रेती तिला नुसती घासत राहिली. घासण्यानं झीज होते, रेघा उमटत नाहीत. दणका लागतो. झीज दिसली म्हणून त्यांनी आणखी जपलं आणि जपलं म्हणून ती आणखी झिजली. जुन्या क्रशरबरोबर आलेल्या पहिल्या प्लेटी वर्षभर टिकल्या, कारण त्या आधीच्या मालकाच्या खाणीत काळा दगड खाऊन तयार झालेल्या होत्या. आमची मेली ती लाडानं.

मी त्यांना सांगितलं की आजच, पहिल्या तासाला, सगळ्यात काळा दगड घाला.  तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेले नाही.

"मॅडम, इथं समद्यांनी लई सोसलंय. माझी आई आणि थोरली वहिनी दगडाखाली गेली. तवापासून कशाला बी पहिल्याच दिवशी मार द्यायला हात उचलत न्हाई."

 ते दगडावर टेकले, मी शेजारी बसले. मग मी म्हणाले की काका, जनावर वेगळं, माणूस वेगळं. ही वस्तू मारासाठीच केलेली आहे, आणि तिला तयार करणारा माणूस माझ्या कागदामुळं घरी बसलाय. तुटली तर तो कायमचा घरी बसेल. तरी मी म्हणते घाला.

ते उठले आणि खाणीकडं ओरडून म्हणाले, खालचा आणा रे.

पहिला काळा दगड जबड्यात गेला तेव्हा असा आवाज झाला की शेडमधली माणसं बाहेर आली. भूकंपानंतर त्या भागात मोठ्या आवाजाला लोक बाहेरच यायचे.  चाचांनी कुठं एखाद्या प्लेटला उशीर केला असेल, त्या डोळ्यानं रंग चुकला असेल, तर आता ती काचेसारखी फुटणार होती. दुसरा दगड, तिसरा. तासाभरानं मशीन थांबवून मी आत डोकं घातलं. तडा नव्हता. कानस मारली, थोडी लागली. दुसऱ्या दिवशी कमी लागली. चौथ्या दिवशी कानस नुसती सरकली, ओरखडासुद्धा नाही, आणि दातांवर चकाकी आली होती. व्यंकटरावांनी माझ्या हातातली कानस घेऊन स्वतः तीन वेळा घासून बघितली. मग बोटानं दात चाचपले आणि म्हणाले, हाव, आता धरलं हिनं अंग.

इथं एक सांगून टाकते. मी नंतर फाउंड्री सोडली आणि आता लातुरातच एका क्लासमधे केमिस्ट्री शिकवते. मधे एकदा पोरांना जोश द्यायला बाहेरून पाहुणे आले होते. मी चहाच्या वेळी त्यांना हा किस्सा सांगितला, तर गृहस्थांनी तो लगेच माइकवर वापरला: मुलांनो, मँगनीज व्हा, जितके घाव तितके कणखर. माझं डोकं सणकलं. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं की हे पोलादाचं आहे, लेकरांचं नाही. मँगनीजसुद्धा आधी नीट तापवून निववलेलं नसेल तर पहिल्या घावाला फुटतं, आणि तुमच्यातलं कोण नीट निवलंय हे या पाहुण्यांना माहीत नाही. संचालकांनी नंतर मला बोलावून घेतलं. घेऊ देत.

पंधरा दिवसांनी व्यंकटरावांचा फोन आला की प्लेट झकास चालू आहे, दुसरा सेट राखून ठेवा. शेठ खूश. मला म्हणाले, जा, चाचाला घेऊन या.

चाचांचं घर नदीकडच्या जुन्या गल्लीत. मी जाताना दोन गोष्टी नेल्या. एक, झिजलेल्या प्लेटचा तळहाताएवढा तुकडा. दोन, माझा नवा रिपोर्ट, त्यावर शेठची सही. चाचा ओट्यावर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मी सगळं सांगायला सुरुवात केली, मायक्रोस्कोप, रेघा, क्रशर, मुरूम. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तुकडा मागितला.

आधी अंगठ्याचं नख फिरवलं. मग तळवा. मग घरातून बत्ता मागवला आणि तुकड्याच्या कोपऱ्यावर सात-आठ दणके घातले, त्याच जागी. परत नख फिरवलं, तर तिथं खळगे पडले होते; मार खाल्लेल्या प्लेटवर ते पडत नाहीत. अर्धं मिनिट लागलं असेल.

"हिला तर मार पडलाच नाही, बेटी. नुसती मिट्टी चाटली हिनं. दगड नव्हता का त्यांच्याकडं?"

 मला अकरा दिवस, तीन ब्लेडं आणि एक मायक्रोस्कोप लागला होता.

"ज्या दिवशी आली, त्या दिवशी मेरे कू दाखवली असती," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं. "तीस बरस झाले. माझी प्लेट परत आली आणि मला कुणी विचारलं पण नाही."

मी म्हणाले, तो कागद मी लिहिला होता. ते म्हणाले, मालूम है. मग विचारलं की आता हातात काय आहे. मी सांगितलं, नवा रिपोर्ट. यात लिहिलंय की क्वेंचिंग निर्दोष होतं, चूक गिऱ्हाइकाच्या वापरात होती, आणि आधीची माझी नोंद चुकीची होती.

चाचांनी आतल्या पडद्याकडं बघितलं. पडद्याआड चाची होत्या, सुना होत्या. शेजारच्या ओट्यावर दोन म्हातारे पान खात बसले होते. गेले जवळजवळ चार आठवडे या सगळ्यांनी चाचांना कामावर न जाता बसलेलं पाहिलं होतं.

"वाच," ते म्हणाले. "जरा जोरात वाच. आत ऐकू गेलं पाहिजे."

रिपोर्ट इंग्रजीत होता. मी ओट्यावर उभी राहून एकेक ओळ मराठीत करत वाचला. चुकीची नोंद माझी होती, ते वाक्य मी दोनदा वाचलं. पान खाणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, म्हणजे गफूरमियाँची नजर बरोबर होती? मी म्हणाले, होय, नजर माझी चुकली. पडद्याआडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. चाचा उठून दाढी करायला गेले.

सोमवारी ते कामावर आले. त्या आठवड्यात मी पहिला नियम लिहून लॅबच्या दारावर चिकटवला: परत आलेला माल आधी ज्यानं घडवला त्याला दाखवायचा, मग लॅबमधे आणायचा. पुढं क्लासमधे येण्याआधी मी चार कारखान्यांत नोकऱ्या केल्या. प्रत्येक ठिकाणी हा नियम सुचवला आणि प्रत्येक ठिकाणी साहेब लोक म्हणाले, यानं वेळ जातो. अर्धं मिनिट जातं, मी मोजलंय.